घड्याळ ठीकाय, पण ते हार्ट रेटचं अलर्ट आधी बंद करा

सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेल्या स्मार्टवॉचचा हा रिव्ह्यू. डिस्प्ले, कॉलिंग, बॅटरी एवढंच बघायला आला असाल तर ते पार खाली आहे, सरळ तिकडं जा. मी हे घड्याळ घेतलं ते पॅनिक अटॅकसाठी. म्हणजे मला ते येतात, आणि म्हणलं ठोके किती, ऑक्सिजन किती हे मनगटावर दिसत राहिलं तर जरा धीर राहील. दुकानदार पण लगेच म्हणला, मॅडम ह्यात स्ट्रेससुद्धा कळतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण दोन-अडीच हजारातली बरीच घड्याळं तिथंच हातात घालून बघितली आणि आतला मेन्यू सगळ्यांचा सारखाच, हार्ट रेट, ऑक्सिजन, स्ट्रेस, झोप, ब्रीदिंग. मला जे बोलायचंय ते एका कंपनीबद्दल नाहीच, ह्या सगळ्या आयडियेबद्दल आहे.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग आणि डिस्पॅच बघते. बाहेरच्या लोकांना सोलापूर म्हणलं की चादर आणि शेंगाचटणी, पण इथं युनिफॉर्मचं काम किती मोठं चालतं ते इथल्यालाच माहीत. मार्चपासून जूनपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो. अशाच सीझनमध्ये टेबलावर कापडाचे थर लावताना पहिला अटॅक आला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, जीव गुदमरतोय, आणि एकदम पक्की खात्री की आता आपण जाणार. कॅज्युअल्टीला नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, ह्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. पुढं रक्त, थायरॉईड सगळं तपासून झालं आणि मग मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की हे पॅनिक आहे, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग उतरतं. (ज्यांना पहिल्यांदाच छातीत दुखतंय त्यांनी हा रिव्ह्यू वाचत बसू नका, आधी ईसीजी काढा. हार्ट अटॅक ओळखणं ह्या घड्याळाच्या बसकी बात नाही.)

आता घड्याळ. मागच्या बाजूला हिरवा लाईट आहे. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं आणि परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून हे ठोके मोजतं. बसून मोजलं तर दवाखान्यातल्या मशीनशी बऱ्यापैकी जुळतं, तक्रार नाही. पण हात हलता असेल तर काय खरं नाही. ओव्हरलॉक मशीनवर हात ठेवला की नाडी 150 दाखवतं, मशीनची थरथरच मोजत असणार. कटिंग मशीन चालवताना तर बघूच नका.

स्ट्रेसचा आकडा कुठून येतो हे दुकानदाराला माहीत नव्हतं, बॉक्सवरही नीट लिहिलेलं नाही. मी शोधून काढलं. दोन ठोक्यांमधलं अंतर आपलं कायम एकसारखं नसतं, निवांत असलो की ते जास्त कमी-जास्त होतं, शरीर धावपळीच्या मोडवर गेलं की एकसुरी होत जातं. घड्याळ त्यावरून 0 ते 100 मध्ये एक आकडा काढतं. हरकत नाही, हा फरक खरा असतो आणि संशोधक पण मोजतात. घोळ असा आहे की शरीर धावपळीच्या मोडवर का गेलंय हे त्या हिरव्या लाईटला कळायचा काही मार्गच नाही. चहा प्यायला, जिना चढला, रात्री झोप झाली नाही, ताप आहे, सगळ्याचा आकडा तोच. आणि आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बसून बघा, बाहेर 43-44 डिग्री, शरीर थंड व्हायला कातडीकडं रक्त ढकलत असतं म्हणून ठोके तसेही वाढलेले. मी डबा खात होते, कडक भाकरी आणि दाळ, शेजारच्या बाईच्या सुनेचे किस्से ऐकून सगळ्या हसत होतो, आणि घड्याळ म्हणतंय स्ट्रेस 83, प्लीज रिलॅक्स. आणि ज्या दिवशी खरंच अटॅक आला त्या दिवशी नंतर ग्राफ उघडला तर त्या वेळचा आकडा 41. पिवळा पण नाही, हिरवा!

हे असं कसं म्हणून मी ह्या विषयाच्या मागंच लागले. माझी भाची एमबीबीएसला आहे, तिला विचारून विचारून पिडलं, आणि काम करताना कानात इयरफोन घालून लेक्चरं ऐकली. त्यात एक जण भेटले, जोसेफ लडू नावाचे अमेरिकन मेंदू संशोधक, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत आयुष्य गेलं, भीतीवरच काम केलं. माणूस लई गमतीशीर आहे, वडलांचं मांसाचं दुकान होतं आणि लहानपणी हे मारलेल्या गाईच्या मेंदूतली बंदुकीची गोळी शोधून काढायचे म्हणे, आणि पुढं त्यांनी एक बँड पण काढला, नाव ॲमिग्डलॉइड्स. ॲमिग्डला म्हणजे मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला खोल असलेला बदामाएवढा भाग, डावीउजवीकडं एकेक. लडूंनी 1980 च्या दशकात उंदरांना एक आवाज ऐकवायचा आणि बारीक शॉक द्यायचा असे प्रयोग केले आणि दाखवलं की आवाजाची खबर ॲमिग्डलाला दोन वाटांनी जाते, एक शॉर्टकट आणि दुसरी लांबची, मेंदूच्या वरच्या थरातून विचार होऊन येणारी. शॉर्टकटनं खबर आधी पोचते, म्हणून उंदीर आधी थिजतो, ठोके आधी वाढतात.

इथपर्यंत सगळे सांगतात, इंस्टावर पण रील आहेत, ॲमिग्डला म्हणजे भीतीचं सेंटर वगैरे. पण खुद्द लडूंनीच नंतर हे खोडून काढलं, आणि मला हेच सगळ्यात पटलं. ते म्हणतात ॲमिग्डला भीती बनवत नाही, ती फक्त बचावाची यंत्रणा चालू करते, ठोके, घाम, थिजणं. "मला भीती वाटतेय" हा जो अनुभव आहे तो वरच्या थरात बनतो, शरीरात काय चाललंय, आजूबाजूला काय आहे, आधी काय झालं होतं हे सगळं जुळवून. जुन्या मिलचा भोंगा वाजवणारा माणूस वेगळा आणि भोंगा ऐकून घरात "काय झालं बे?" म्हणून उठणारा वेगळा, तसं. 2016 मध्ये डॅनियल पाईन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर त्यांनी हे दोन यंत्रणांचं म्हणणं नीट मांडलं, आणि त्यात एक महत्त्वाचा मुद्दा असा की नवीन औषधं प्राण्यांच्या वागण्यावर तपासतात, म्हणजे भोंग्यावर, आणि पेशंटची तक्रार असते ती वाटण्याची, म्हणून अपेक्षा ठेवतो तेवढा गुण येत नाही.

आता घड्याळाकडं परत या. घड्याळ मोजतं ती पहिली यंत्रणा, ती पण अर्धवट. माझ्या अटॅकमधली भीती बनते दुसऱ्या यंत्रणेत. मग 41 आला तर नवल काय.

पण हे फक्त निरुपयोगी असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. खरा त्रास अलर्टचा आहे. सेटिंगमध्ये हाय हार्ट रेट अलर्ट असतो, ठोके एका आकड्याच्या वर गेले की मनगटावर थरथर. मी 110 लावला होता. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर गेलो होतो, संक्रांतीची गर्दी तुम्हाला माहितीये, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला पाय ठेवायला जागा नाही, पोरगा कडेवर, चालून चालून ठोके वाढणारच. थरथर झाली. बघितलं, 114. आता 114 म्हणजे काहीच नाही, पोराला घेऊन चालताना कुणाचेही होतील. पण बघितल्याबरोबर पोटात गोळा आला, ठोके वर, परत थरथर, 126, परत बघितलं, 138, आणि हाताला मुंग्या सुरू. ह्यांना म्हणलं अहो पोराला धरा, आणि पाळण्यांच्या मागं जाऊन खाली बसले. घड्याळ नसतं तर मला ते 114 कळलेसुद्धा नसते.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क म्हणून आहेत, त्यांनी 1986 मध्येच पॅनिकचं हे चक्र मांडलं होतं, शरीरात काहीतरी साधा बदल होतो, माणूस त्याचा अर्थ "हार्ट अटॅक" किंवा "आता मी बेशुद्ध पडणार" असा लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं शरीरातला बदल वाढतो, की परत अर्थ. आणि 1988 चा एक प्रयोग तर माझ्या घड्याळाचाच वाटतो. आन्के एहलर्स आणि त्यांच्या टीमनं पॅनिकच्या पेशंटना आणि साध्या लोकांना बसवलं आणि तुमचे ठोके अचानक वाढलेत असं खोटंच कळवलं. साध्या लोकांचं फारसं बिघडलं नाही, पॅनिकवाल्यांची घबराट वाढली आणि पाठोपाठ खरे ठोके आणि बीपी पण वाढलं. खोट्या आकड्यावर! आणि आपण पैसे देऊन असा आकडा चोवीस तास हाताला बांधून फिरायचं.

भाचीनं मग अजून एक सांगितलं ते तर कहर आहे. स्टॅनफर्डला कार्ल डायसरोथ आहेत, मेंदूच्या पेशी उजेडानं चालूबंद करायचं तंत्र ज्यांच्या नावावर आहे ते. त्यांच्या टीमनं 2023 मध्ये उंदरांच्या हृदयातच उजेडाला दाद देणारं प्रोटीन बसवलं, अंगात बारकं जॅकेट घातलं आणि बाहेरून लाईट मारून ठोके मिनिटाला 660 च्या आसपास होते ते 900 वर नेले. उंदराचं हृदय तसंही तेवढं पळतं, घाबरू नका. तर काय झालं, सुरक्षित जागी उंदीर निवांत होता, त्याला फरकच पडला नाही. पण उघड्या जागी, जिथं धोका वाटू शकतो तिथं मात्र तो जास्त बिचकायला लागला, कडेकडेनं राहायला लागला. म्हणजे नुसते ठोके वाढवून भीती होत नाही, जागा पण तशी लागते, आणि दोन्ही जुळलं की ठोक्यांमुळं भीती वाढते. शरीराच्या आतल्या खबरा जिथं पोचतात तो इन्सुला नावाचा भाग आहे, त्याचा मागचा तुकडा गप्प केला तर ठोके 900 असून सुद्धा उंदराचं बिचकणं कमी झालं. होम मैदान आठवलं मला.

ऑक्सिजनच्या फीचरबद्दल दोन शब्द, कारण पॅनिकवाले तेच सगळ्यात जास्त दाबत असतात, मी पण. जीव गुदमरतोय म्हणून बघायचं, 98 येतं, दोन मिनिटं बरं वाटतं, परत बघायचं. अटॅकमध्ये ऑक्सिजन कमी झालेला नसतोच मुळात. आपण भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्यामुळं मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. आणि कार्बन डायऑक्साईड हे घड्याळ मोजत नाही. श्वासाची भानगड किती खोल आहे बघा, अमेरिकेत एस. एम. नावानं ओळखली जाणारी एक बाई आहे, आजारानं तिचे दोन्ही ॲमिग्डला गेलेत, तिला सापाची भीती नाही, भुताच्या घरात नेलं तरी काही नाही. तिथल्याच आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साईड असलेल्या हवेचा एक श्वास दिला, आणि तिला चक्क पॅनिक अटॅक आला. तशाच दुसऱ्या दोन पेशंटना पण आला, तिघांपैकी तिघांना, आणि धडधाकट बारा जणांत फक्त तिघांना. म्हणजे ॲमिग्डला नसताना पण पॅनिक होतं, उलट जास्तच होतं. आता मला सांगा, ज्या गोष्टीत एवढे रस्ते आहेत ती अडीच हजाराच्या घड्याळातल्या हिरव्या-पिवळ्या-लाल पट्टीवर कशी मावणार.

एवढं बोलून सुद्धा घड्याळ मी वापरतेय, विकलेलं नाही. कारण दोन गोष्टी कामाच्या निघाल्या. एक ते ब्रीदिंग. स्क्रीनवर गोल मोठा होतो तेव्हा श्वास घ्यायचा, बारीक होतो तेव्हा सोडायचा. आमच्या मॉडेलमध्ये स्पीड कमी करता येतो, तो एकदम हळू करा, सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवा. त्यात गूढ काही नाही, श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात आणि भराभर श्वासाचा घोळ पण थांबतो. फक्त हे रोज निवांत वेळी करायचं. ऐन अटॅकमध्ये तो गोल सापडेपर्यंत तीन वेळा चुकीचं बटण दाबलं जातं आणि वर एखादी जाहिरात येते, बाकी कंपनीला नमस्कार.

दुसरा उपयोग मला काउन्सेलर मॅडमनी शिकवला आणि तो घड्याळाच्या पुस्तकात कुठंच नाही. मुद्दाम ठोके वाढवायचे. कारखान्याचा जिना भराभर चढायचा, छाती धडधडायला लागली की वरच्या पायरीवर बसायचं आणि काहीच करायचं नाही. पाणी नाही, देवाचं नाव नाही, मनगटाकडं बघायचं नाही. धडधड आपोआप उतरते. मेंदूला हे परत परत दाखवायचं की ठोके वाढले आणि काही झालं नाही. जुनी भीती पुसली जात नाही म्हणे, तिच्यावर नवीन शिकवण बसते, आणि त्यात कपाळामागच्या मेंदूचा तो पुढचा भाग ॲमिग्डलाला आवर घालतो. मग संध्याकाळी घरी ग्राफ बघायचा. दुपारी साडेतीनला डोंगरासारखं टोक आणि पुढं उतार, आणि आपण जिवंत आहोत. हा ग्राफ बघायला मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण हे मनानं सुरू करू नका, हृदय ठीक असल्याचं डॉक्टरनी सांगितल्यावरच, आणि गोळ्या चालू असतील तर त्या घड्याळाच्या आकड्यावरून कमी-जास्त अजिबात करायच्या नाहीत. ज्यांना डॉक्टरकडं जायला लाज वाटते त्यांनी निदान सरकारच्या टेली-मानसला फोन करा, 14416, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात.

राहिलं बाकीचं घड्याळ. डिस्प्ले उन्हात बऱ्यापैकी दिसतो. कॉलिंग घरात ठीक, कारखान्यात मशीनच्या आवाजात समोरच्याला शिव्या दिल्यासारखं ओरडावं लागतं. बॅटरी बॉक्सवर सात दिवस लिहिलीये, सतत हार्ट रेट चालू ठेवला तर त्याच्या निम्म्यावर येते, बंद ठेवला तर बरोबर टिकते, म्हणजे इथं पण तेच, बंद ठेवलेलं बरं. ॲप कॉन्टॅक्ट, लोकेशन, सगळ्याची परमिशन मागतं, कॉन्टॅक्ट नाही दिले तरी ठोके मोजायचं काम चालतं, देऊ नका. झोपेचं ठीकठाक, रात्री लोळत मोबाईल बघत पडलेली सुद्धा झोप धरतं. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून उन्हाळ्यात मनगटाला लाल पट्टा उठतो, मी कापडी लावला, शंभर-दीडशेला मिळतो.

कुणी घ्यावं? पावलं मोजायची, फोन खिशातून काढायचा कंटाळा, चालायला जाता, तर खुशाल घ्या, त्या पैशात वाईट नाही. घाबरं होण्याचा त्रास असेल तर घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करा, हाय हार्ट रेट अलर्ट, स्ट्रेस मॉनिटरिंग, आणि घड्याळाच्या मुख्य तोंडावर ठोक्यांचा आकडा दिसतो तो, त्याच्या जागी तारीख-वार असलेलं तोंड लावा. आणि घरच्यांनी प्रेमानं "किती आलेत गं ठोके?" असं येता-जाता विचारायचं पण बंद करा, ते सेटिंग मात्र आमच्याकडं अजून सापडलेलं नाही. सासूबाई रोज विचारतात.

घड्याळ म्हणून चार स्टार. स्ट्रेस कळतो म्हणून विकतात त्याला एक. दुकान चांगलं आहे, बोलणं गोड, "या ताई बसा, चहा सांगू का" वगैरे, भाव पण थोडा कमी केला, फक्त वॉरंटी कार्डवर शिक्का आणि तारीख आपण मागितल्याशिवाय मारत नाहीत, तेवढं बिल करतानाच मारून घ्या.